राजे-बादशहांची पंगत आणि राणीचं पान

तेंदूपत्त्याच्या फडावर बिडीच्या पानांची पुडकी रचावीत, तसे नाटक कंपनीत किस्से रचले जातात. एक उपसायला जावं तर वरची दहा अंगावर येतात! वडशाच्या आमच्या कंपनीत मी वीस वर्षं मॅनेजर आहे. आता अंगावर किती आले असतील, ते तुम्हीच समजा.

आमचा सगळा माल ऐतिहासिक. राजा, राणी, बादशहा, फितूर दिवाण. नावं सांगत नाही, सांगितली की भांडणं होतात. ज्या गावात प्रयोग, त्या गावात दुपारी जेवण. आणि गावाची अट अशी की नट तोंड रंगवून, पोशाख चढवूनच पंगतीला बसले पाहिजेत. लेकराबाळांना राजा जेवताना बघायचा असतो ना! आता इतिहासातली एवढी नामांकित मंडळी, एका ओसरीत कोण कोणाशेजारी बसवायची? ते काम माझं. मी कागदावर चौकोन आखून रीतसर प्लॅन करतो. कारण गाव रुसलं, की पुढच्या साली प्रयोग दुसऱ्या कंपनीला!

त्यात आमची राणी, शेवंताबाई. अठरा वर्षं राज्य करतेय. पण पंगत पडली पुरुषांची, म्हणून तिचं पान आत चुलीपाशी, सगळे उठल्यावर. गाव कोणतंही असो, ती विचारणारच, "भाऊ, इथी तरी माह्यं पान बाहेर हाये का?"

मी म्हणतो, "पुढच्या गावात पाहू, बाई."

मी एकट्यानं काय काय पाहायचं, सांगा!

*

सिंदेवाहीकडचं एक गाव. मी राजाला पहिलं पान दिलं, पेटीमास्तरांना चौथं. मास्तर भडकले.

"हा राजा परवा आला! मी तीस वर्षांपासून पेटी वाजवून राह्यलो!"

अरे, पण तख्तावर राजा बसतो की पेटी?

प्रयोगात मास्तरांनी पहिल्याच गाण्याला सूर असा चढवला, की राजाच्या गळ्यातून शेपटीवर पाय पडलेलं मांजर बाहेर आलं. तीन मैलांवरच्या बैलांनी दावी तोडली, खोटं नाही सांगत! मी विंगेतून हात जोडले, तर मास्तर म्हणतात, "पंगतीत वर बसला व्हता ना? मंग गाऊ दे वर!"

*

राजुऱ्याकडे तर कहर. तेव्हा आमचा राजा म्हणजे अन्वरभाई, चंद्रपूरचे टेलर. बादशहा म्हणजे पुरुषोत्तम, शाळेत गणित शिकवणारा. यजमान आजोबांनी माझा प्लॅनच फाडला.

"बादशहा आमच्या राजाच्या मांडीले मांडी लावून बसन? माह्या घरी?"

पुरुषोत्तमची रवानगी बकरीच्या खुंट्यापाशी! इकडे आजोबा स्वतः अन्वरभाईंच्या पानात तूप ओततायत. "घ्या महाराज, लाजू नका."

"बस चाचा, बस! शुक्रिया!"

"पाहा, राजा असून किती नम्र!"

तिकडे अर्धी पत्रावळ बकरीनं खाल्ली. पुरुषोत्तम हळूच म्हणाला, "आजोबा, थोडं वरन?"

"आमचा किल्ला जाळते, आन् वरन मांगते!"

"अजून पडदाबी नाई उघडला, आजोबा!"

*

नागभीडजवळ एक म्हातारी वाढत होती. तीनदा आमच्या दिवाणाला सोडून पुढं गेली.

मी म्हटलं, "आजी, याचं राह्यलं."

"राह्यलं नाई, ठेवलं! याच्यापायी मागल्या साली रानी मेली. दोन दिवस मले घास नाई गेला!"

आणि ती मेलेली राणी आत चुलीपाशी भुकेली बसली होती. तिनं तिथूनच आवाज दिला, "वाढा वो आजी त्याले! तो उठल्याबिगर मले जेवाले भेटत नाई!"

*

मागच्या साली एटापल्लीकडे, जंगलातल्या गावात. माझा प्लॅन एकदम पक्का. पळसाच्या पत्रावळी मांडल्या. राजा, बादशहा, दिवाण, मास्तर, गावचे जाणते, सगळे आपापल्या चौकोनात. कोणी रुसलं नाही! मी सुस्कारा सोडतोय, तेवढ्यात शेवंताबाई बाहेर आली. डोक्यावर मुकुट, कमरेला तलवार.

"बाई, पुढच्या गावात..."

ती थांबलीच नाही. समोरच्या अंगणात, उन्हात, पत्रावळ घेऊन मांडी घालून बसली.

भाताचं टोपलं घेऊन ओसरीकडे निघालेली बाई थबकली. टोपलं खाली ठेवलं आणि जाऊन राणीशेजारी बसली! मग वरणवाली. मग भाजीवाली. मग चुलीपुढच्या साऱ्या. वीसेक बायांची रांग लागली.

ओसरीवर पत्रावळी कोऱ्या. जाणते माझ्याकडे बघतात, आणि माझ्या हातात कागद! माझा संताप संताप झाला.

"बाई, हे कोन्या प्लॅनात हाये? गाव रुसलं तं? आन् आता वाढनार कोन?"

राणीनं बादशहाकडे बघितलं.

पुरुषोत्तम उठला. तलवार सोडून खुंटीला टांगली, जरीचा झगा कमरेला खोचला आणि टोपलं उचललं. तिच्या पानात भात पडला. पहिला घास कालवत शेवंताबाई म्हणाली,

"जहाँपनाह, तुमच्या त्या राजाले सांगा, आमी उठल्यावर त्याचं पान. तवर पत्रावळ झाकून ठेव म्हना. माश्या बसतीन!"