काचेच्या कपाटातलं पुस्तक

"मॅडम, हे पुस्तक इश्यू नाही होत. तपासणीची कमिटी येऊन राहिली ना," असं म्हणून आमच्या ग्रंथपालांनी काचेच्या कपाटाला कुलूप लावलं. माझं डोकंच फिरलं. ते पुस्तक मीच मागवलं होतं.

मी भंडारा जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ऑपरेटिंग सिस्टिम शिकवते. म्हणजे आपण क्लिक केलं की कॉम्प्युटरच्या पोटात काय चालतं, ते. या विषयाची गाईडं ढिगानं मिळतात. व्याख्या पाठ करा, पास व्हा. मला असं पुस्तक हवं होतं ज्यात खरा कोड समोर ठेवलाय आणि जे म्हणतं, आता यात बदल करून बघा काय बिघडतं ते. उन्हाळ्याची अख्खी सुट्टी त्यात गेली. जाडजूड पुस्तकं चाळली. काहींतला कोड इतका जुना की आज चालतच नाही. शेवटी मैत्रिणीकडे एक मनासारखं सापडलं. पण ती प्रत घेऊन मैत्रीण बंगळुरूला गेली, म्हणून प्राचार्यांच्या मागे लागून कॉलेजसाठी एक मंजूर करून घेतलं. आणि ते आता कुलपात!

वैशालीला ते हवं होतं. आसगावची पोरगी, शेवटच्या वर्षाला. वर्गात "पण असं काहून होते, मॅडम?" असं विचारणारी एकटीच. नागपूरच्या एका कंपनीत तिचा इंटरव्ह्यू होता, नेमका याच कामाचा. मी प्राचार्यांकडे गेले. आठवडाभर तरी द्या म्हटलं.

"पोरं पानं दुमडतात, मॅडम. कमिटीले नवंकोरं दिसलं पाहिजे. तिले गाईड द्या ना."

पुस्तक काय दाखवायला असतं का हो, असं मी विचारलं. ते मोबाइलमध्ये बघू लागले.

मग मी आठवेल तेवढं फळ्यावर शिकवलं. पण जे हातानं करून बघायचं, ते फळ्यावर कसं होणार?

इंटरव्ह्यूत तिला पेज फॉल्ट विचारला. प्रोग्रामला हवा तो भाग मेमरीत नसला की ऑपरेटिंग सिस्टिम त्याला थांबवते, तो भाग डिस्कवरून आणते आणि काम पुढे चालू करते. एवढंच असतं ते.

"व्याख्या तर पाठच होती, मॅडम," परत आल्यावर ती म्हणाली. "मंग त्यायनं कोड उघडून देला अन् म्हणाले, यात कुठं होते ते दाखव. मी तो कोड पहिल्यांदाच पाहून राहिली होती."

नोकरी दुसऱ्याला मिळाली. वैशाली रडली नाही, जाऊ द्या म्हणाली. मला मात्र कपाटाची काच फोडावीशी वाटली.

कमिटी आली. एका सदस्यानं ते पुस्तक उघडलं, तर नवी बांधणी करकरली. अहवालात शेरा पडला, ग्रंथ उत्तम स्थितीत राखले आहेत. प्राचार्यांनी तो स्टाफरूममध्ये वाचून दाखवला. टाळ्या पडल्या. मी हात बांधून बसले होते.

अजूनही लोक मला विचारतात, ऑपरेटिंग सिस्टिम आतून शिकायला चांगलं पुस्तक कोणतं? मी नाव सांगते. आणि तुमच्याकडे कपाटाची किल्ली कोणाकडे असते, तेही विचारून घेते.