धक्क्यावर घ्यायला आलेला माणूस

आधीच सांगून टाकतो, मी लिफ्टवाला माणूस आहे. मरोळच्या एका सर्व्हिस कंपनीत सुपरवायझर. बावीस वर्षं झाली या धंद्यात, आणि या बावीस वर्षांत लोकांनी मला जेवढ्या भुताच्या गोष्टी ऐकवल्यात ना, तेवढ्या या ग्रुपवरही नसतील. म्हणे लिफ्ट रोज संध्याकाळी चौथ्या मजल्यावर आपोआप थांबते, तिथे अमुक काकू वारल्या. मी मशीनरूममध्ये जातो, कंट्रोलर उघडतो, तर रिले चिकटलेला. रिले बदलला की काकू गप्प. त्यामुळे इथल्या पोस्ट मी फक्त हसायला वाचायचो. दोन-तीनदा खाली खवचट कमेंटही टाकल्यात. ज्यांना लागल्या असतील त्यांनी माफ करा... आता माझीच पाळी आलीय.

आम्ही मुलुंड पश्चिमेला राहतो, सातव्या मजल्यावर. मी, बायको स्मिता आणि माझे वडील, नाना. नाना एकोणऐंशीचे. गाव मालवणजवळ. सतराव्या वर्षी बोटीने मुंबईत आले, गिरणीत लागले आणि लालबागच्या चाळीत अख्खा जन्म काढला. मुलुंडला येऊन आम्हाला सहा वर्षं झाली, पण गेली दोन वर्षं नानांची आठवण मागे मागे सरकतेय. डॉक्टरांनी त्याला भलंमोठं नाव सांगितलंय. साधं सांगायचं तर मुलुंडचं घर त्यांच्या डोक्यात राहतच नाही. पत्ता विचारला की लालबागचा सांगतात. ती चाळ पाडून तिथे टॉवर झाला, तरी तोच. वर शुगर आहे. वेळेवर खाल्लं नाही की डोळ्यांपुढे अंधारी येते.

त्यांना एकदा बोटीने जायचं होतं. कोकणच्या जुन्या बोटी बंद होऊन जमाना झाला, म्हणून मी गोव्याला जाऊन येणाऱ्या क्रूझचं बुकिंग केलं. म्हटलं, चला, ओळखतायत तोवर हौस पुरी करून घेऊ. आणि खरंच मजेत होते हो. डेकवर खुर्ची टाकून किनाऱ्याकडे बघत बसायचे आणि इथे विजयदुर्ग, इथे जयगड असं स्वतःशीच बोलायचे. पण परतीच्या सकाळी, रविवार होता, मुंबईच्या इमारती दिसायला लागल्या तसे अस्वस्थ झाले. "धक्क्यार घेवक कोण येतलो?" एकच प्रश्न. घ्यायला कोण येणार?

पहिल्यांदा मी नीट सांगितलं, की नाना, आपण सगळे बरोबरच आहोत, खाली उतरून गाडी करायची. पाचव्यांदाही सांगितलं. मग नाश्त्याच्या टेबलावर विसाव्यांदा विचारलं तेव्हा माझं डोकं सटकलं. म्हणालो, "कोणी येणार नाही, नाना. तुम्हाला घ्यायला यायला आता शिल्लक कोण आहे?"

नानांनी हातातला चमचा खाली ठेवला. नंतर कितीही सांगितलं तरी खाल्लं नाही. स्मिताने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मी कुणाला सांगू शकत नाही.

बॅलार्ड पिअरला क्रूझ टर्मिनलमध्ये उतरलो. नानांना खुर्चीवर बसवलं, त्यांना बरं वाटावं म्हणून एक फोटो काढला. त्या फोटोवर वेळ आहे दहा एक्केचाळीस. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. स्मिता बॅगा आणायला गेली. मी नानांच्या शेजारीच उभा. तेवढ्यात नाशिकचं एक कुटुंब आलं आणि विचारायला लागलं, टॅक्सी न करता इथून ठाण्याला कसं जायचं, पुढे नाशिकची एसटी कुठे मिळेल. आता मुंबईकराला रस्ता विचारणं म्हणजे काय हे तुम्हाला माहीत आहे. मी सुटलो. बाहेर पडून सीएसएमटीची बस कुठे, तिथून फास्ट कुठली, ठाण्याला कुठल्या बाजूला उतरायचं, एसटी स्टँड कुठे, सगळं हातवारे करून समजावलं. फार तर तीन मिनिटं. वळून बघतो तर खुर्ची रिकामी.

पहिल्यांदा वाटलं, बाथरूमला गेले असतील. मग पाणी प्यायला. मग मी काउंटरकडे धावलो. टर्मिनलच्या लोकांनी लगेच कॅमेरे दाखवले, त्यांच्याबद्दल काहीच तक्रार नाही. नाना दहा पंचेचाळीसला गेटमधून एकटेच बाहेर पडले होते. सकाळी आम्ही त्यांना गोव्यात घेतलेला नवा टीशर्ट घातला होता. स्मिताने त्यांच्या नेहमीच्या शर्टांच्या खिशात नाव-पत्त्याचं कार्ड शिवून ठेवलंय, ते सगळे शर्ट बॅगेत. म्हणजे अंगावर ना पत्ता, ना फोन, ना पैसे. पोटात फक्त पहाटेचा चहा. आणि कानात माझं ते वाक्य.

पोलिसांत सांगून आम्ही टॅक्सीने भाऊच्या धक्क्यावर गेलो. कारण नानांच्या लेखी बोट लागते ती भाऊच्या धक्क्याला, बॅलार्ड पिअर वगैरे साहेब लोकांचं. तिथे लाँचवाल्यांना विचारलं, मासळीवाल्यांना विचारलं, फोटो दाखवून दाखवून हात दुखले. कोणी बघितलं नव्हतं. मग लालबागला जाऊन आलो. टॉवरच्या वॉचमनला विचारलं, समोरच्या पानवाल्याला विचारलं. परत धक्क्यावर. ऊन डोक्यावर आलं होतं. नाना कुठेतरी फुटपाथवर चक्कर येऊन पडलेत आणि लोक बाजूने चाललेत, एवढंच मला सारखं दिसत होतं. देवाला मानत नाही मी फारसा, पण त्या दुपारी गावच्या रवळनाथापासून सगळ्यांची नावं घेतली.

दीड वाजता स्मिताला आठवलं की बोटीवर रेंज नव्हती म्हणून तिने फोन फ्लाइट मोडवर टाकला होता आणि तो तसाच पर्समध्ये पडलाय. सगळे फोन मीच करत होतो, त्यामुळे तिला गरजच पडली नव्हती. तिने तो चालू केला आणि टणटण करत मेसेज पडायला लागले. सगळे जयाबेनचे, माझा नंबर त्यांच्याकडे नाही. जयाबेन म्हणजे आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या, सत्तरीच्या, आमच्या मुलुंडच्या घराची एक चावी त्यांच्याकडे असते. पहिला व्हॉइस मेसेज अकरा चौदाचा. त्यात त्या म्हणत होत्या की स्मिताबेन, नाना इकडे माझ्या घरी आलेत, खिचडी खातायत, तुम्ही लोक कुठे राहिलात?

स्मिताने तो मेसेज मला तीनदा ऐकवला. मी तिथेच, मासळीच्या टोपल्यांच्या बाजूला, खाली बसलो आणि ढसाढसा रडलो. एक कोळीण मावशी पाण्याची बाटली घेऊन आली आणि म्हणाली, गावला ना तुझा बाप, मग आता कशाला रडतोस. आयुष्यात एवढं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

मुलुंडला पोचलो तेव्हा नाना जयाबेनच्या सोफ्यावर गाढ झोपले होते, तोंड उघडं टाकून. मी त्यांचे पाय धरून बसलो. सॉरी म्हणालो, बऱ्याचदा म्हणालो. झोपेत त्यांनी पाय आखडून घेतला. तरी बरं वाटलं.

इथपर्यंत सगळं ठीक. हरवलेला म्हातारा सापडला, झकास. पण मी फॉल्ट शोधणारा माणूस. लगेच विचारलं, जयाबेन, यांना आणलं कोणी?

त्यांनी सांगितलं ते असं. बेल वाजली म्हणून दार उघडलं, तर नाना आणि बरोबर एक वयस्क माणूस. काटकुळा, पायजमा, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, डोक्याला काळी टोपी. तुमच्या गावचा असेल असं वाटलं, कारण नाना त्याच्याशी तुमच्या त्या भाषेत गप्पा मारत होते आणि हसत होते. त्या माणसाने नानांचा हात धरून जयाबेनच्या हातात दिला. बसमधून आणलंय म्हणाला. जयाबेनने आत बोलावलं, दोन घास खाऊन जा म्हणाल्या. तो नुसतं पाणी प्याला. आणि जाता जाता म्हणाला, घरचा माणूस आला की पोचल्याचा निरोप पाठवायला सांगा, मी धक्क्यावर आहे. निरोप आल्याशिवाय मी जेवत नाही. जयाबेनने मोबाईल नंबर मागितला तर हसला आणि जिन्याने खाली गेला.

संध्याकाळी नाना उठले. चहा देताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, नाना, आज घरी कोणाबरोबर आलात?

"बाबल इललो मा," नाना म्हणाले. बाबल आला होता ना. "तू म्हणालंस कोण येवचो नाय. बाबल कसो येवचो नाय?"

मी कुठल्याही बाबलला ओळखत नाही. गावी फोन लावला, आत्याला. नानांची धाकटी बहीण, पंच्याहत्तरीची, पण डोकं टकाटक. तिला नाना हरवले होते वगैरे काहीच सांगितलं नाही. एवढंच विचारलं, की आत्ये, बाबल कोण?

ती म्हणाली, धक्क्यावरचा बाबल होय? अरे, आपल्याच वाडीतला. गोदीत कामाला होता. त्या काळी गावातून पोरगा पहिल्यांदा मुंबईला निघाला की इथून आधी बाबलला पत्र जायचं. बोट लागली की तो धक्क्यावर हजर. पोराला पत्ता माहीत असो-नसो, त्याला नेऊन थेट त्याच्या माणसाच्या हातात द्यायचा, नुसता दारात सोडून कधी गेला नाही. "तुझ्या बापाशीकव तेनाच पोचवल्यान." तुझ्या बापालाही त्यानेच पोचवलं. आणि एक खूळ होतं त्याचं. पोरगा मिळाला असा घरच्यांचा निरोप उलट धक्क्यावर येईपर्यंत जेवायचा नाही. एकदा कोणीतरी निरोप द्यायला विसरलं, तर दोन दिवस उपाशी राहिला म्हणे. आमची आई त्यावरून त्याला शिव्या घालायची.

मी विचारलं, आता कुठे असतो?

"मरान पन्नास वर्सा झाली रे तेका," आत्या म्हणाली, "आज तुका खयसून आठवलो?"

फोन ठेवला. मग माझ्यातला लिफ्टवाला जागा झाला. सोसायटीच्या गेटचा कॅमेरा बघितला. अकरा सहाला नाना आत येताना दिसतात, एका माणसाचा हात धरून. काळी टोपी, मान खाली, चेहरा दिसत नाही. वॉचमनला घरचेच वाटले म्हणून त्याने वहीत नोंद केली नाही. जाताना तो माणूस कॅमेऱ्यात नाही, पण आमच्या मागच्या गेटला कॅमेराच नाही, तिथून गेला असेल. इथपर्यंत मी कोणाशीही वाद घालायला तयार आहे. धक्क्याजवळ एखादा भला मालवणी म्हातारा भेटला असेल, नानांनी त्याला बाबल समजून हाक मारली असेल, त्यानेही हो म्हटलं असेल. निरोपाचा किस्सा नानांनीच त्याला रंगवून सांगितला असेल. सगळं होऊ शकतं.

पण मुलुंडचा पत्ता त्याला कोणी दिला? नानांना तो येत नाही. आणि दहा पंचेचाळीसला बॅलार्ड पिअरच्या गेटमधून बाहेर पडलेला माणूस अकरा सहाला मुलुंडला? एकवीस मिनिटं. बसने? दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं मी माझ्या मोबाईलशी ताडून बघितली. अर्ध्या मिनिटाचासुद्धा फरक नाही. आणि दहा एक्केचाळीसला नाना टर्मिनलच्या खुर्चीवरच होते, तो फोटो माझ्याच मोबाईलमध्ये आहे.

पुढच्या रविवारी मी स्मिताला म्हणालो, टायमिंग काढून येतो. सकाळी भाऊच्या धक्क्यावर गेलो, तो बॅलार्ड पिअरपेक्षा मुलुंडला जवळच. तिथून बस, लालबागला दुसरी, सायनला मुलुंडची तिसरी. स्टॉपवॉच लावून बसलो होतो. दोन तास आठ मिनिटं लागली, तेही रविवारच्या मोकळ्या रस्त्याला. टॅक्सीने फ्रीवेवरून गेलात तरी एकवीस मिनिटांत जेमतेम निम्मा रस्ता होईल. मी बावीस वर्षांत एकही लिफ्ट 'कारण सापडलं नाही' असं लिहून सोडलेली नाही. हे पहिलं. ग्रुपवर कोणाला सुचत असेल तर सांगा, मी मनापासून ऐकेन.

नाना बरे आहेत. काल विचारत होते, परत बोटीने कधी जायचं. मी म्हटलं, तुम्ही म्हणाल तेव्हा.

आणि स्मिताला मी टायमिंग काढायला जातो म्हणून सांगितलं होतं, ते पूर्ण खरं नव्हतं. त्या रविवारी बसमध्ये चढायच्या आधी मी धक्क्याच्या टोकाला गेलो. लाँच सुटायची गडबड होती, माझ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. मालवणी मला धड बोलता येत नाही, लहानपणी बोलायचो तेवढीच. तरी पाण्याकडे तोंड करून हळू आवाजात म्हणालो, "बाबलकाका, नाना पोचले. आमचो माणूस आमका गावलो. आता तुमी जेवून घेवा."