हैबतरावांचे डोळे

पेणच्या गणपतीच्या कारखान्यात सगुणाबाईंनी बावीस वर्षे मूर्तींचे डोळे आखले, तेही मागच्या खोलीत, गिऱ्हाइकांच्या दृष्टीआड बसून. मूर्ती घडविणारे हात अनेक. परंतु नेत्रांची आखणी सर्वांत शेवटी, आणि ती होईपर्यंत माती ही मातीच, असा त्या व्यवसायाचा दंडक. बाईच्या हातचे डोळे लोकांना चालणार नाहीत, असे मालक हैबतराव म्हणत. पुढे ओटीवर आलेल्यांना ते आपल्या मुलाकडे बोट दाखवून अभिमानाने सांगत, "आखणी आमच्या मोरूची!"

सत्तर साली त्याच डोळ्यांसाठी मुंबईत मोरूला शाल मिळाली. त्या दिवशी सगुणाबाईंनी कुंचला धुतला आणि त्या आपल्या गावी, गडबला परतल्या. भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत. सूड मात्र त्यांनी नंदादीपासारखा आठ वर्षे अखंड तेवत ठेवला.

पुढे गडबच्या शाळेची रस्त्याकडची भिंत मुलांकडून रंगवून घेण्याचे ठरले, आणि गुरुजींनी सगुणाबाईंना पाचारण केले. रंग हैबतरावांनी दिले होते. अट एकच, मधोमध त्यांचे चित्र हवे. गुरुजी हे सांगताना संकोचले.

"काढू की," सगुणाबाई शांतपणे म्हणाल्या. "मधोमधच काढू."

महिनाभरात मुलांनी भिंतीवर सारा गाव उभा केला. मिठागरावरची माणसे, धरमतरच्या खाडीतले मचवे, शेतात वाकलेल्या आया, आणि मध्ये फेटा बांधलेले हैबतराव. चेहरे मुलांनी काढायचे, डोळे सगुणाबाईंनी आखायचे, असे ठरलेले. एकेका चेहऱ्यात त्यांनी प्राण ओतला. चिमुरड्या हौसाने विचारले, "आजे, या फेटेवाल्याला डोलं नाय?"

"त्याचे डोळे आखणारा दुसरा हाय गो."

उद्‌घाटनाला गाव लोटला. पडदा सरला आणि हैबतरावांचे हसू मावळले.

"सगुणे, माझे डोळे राहिले!"

"राहिले नाय, ठेवलेत. पेणची आखणी मोरूशेटची, असं तुम्हीच सांगत व्हता ना? हा घ्या कुंचला."

मोरू पुढे झाला. भिंतीपाशी हात नेला आणि तसाच खाली आणला. "आबा, मला नाय येत."

"शाल पांघरून बघ रं, जमल!" मागून कोणी ओरडले. पोरे खिदळली.

हैबतरावांनी घाम पुसला. "डोळे... सगुणाबाई आखायच्या," ते पुटपुटले.

"मागच्यांना ऐकू नाय गेलं," सगुणाबाई म्हणाल्या.

"बावीस वर्षं, सगळे डोळे सगुणाबाईंनीच आखले!" ते कसेबसे मोठ्याने बोलले, मग मोरूच्या हातचा कुंचला घेऊन त्यांनी तो स्वतः पुढे केला. "आता तरी आख."

सगुणाबाईंनी कुंचला घेतला, बादलीत खळबळून धुतला आणि पदराला पुसला.

"बाईचा हात माझा. लोकांना चालायचा नाय."

पुढे कित्येक वर्षे पेणहून नागोठण्याकडे जाणाऱ्या एसटीतून ती भिंत दिसे. अवघा गाव जिवंत डोळ्यांनी रस्त्याकडे पाही, आणि मधोमध हैबतराव नुसत्या मातीचे. सगुणाबाई रोज सकाळी तिथे मुद्दाम थांबत, आणि पोटभर पाहून मगच घरी वळत.