मुलाखतीत ऐकवलेला आवाज

दापोडीच्या आम्रपालीनं चाकण पट्ट्यातल्या कामगार बायकांच्या बोलीवर पीएच.डी. केली, तेव्हा पहिलं रेकॉर्डिंग घरातच केलं. तिची आई शेवंताबाई वीस वर्षं तळवड्याच्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटत होती. नुसता आवाजच घ्यायचा होता, तरी आई ठेवणीतली साडी नेसून बसली होती.

विद्यापीठात समाजभाषाविज्ञानाच्या प्राध्यापकाची जागा निघाली. मुलाखतीत आम्रपालीनं तेच रेकॉर्डिंग ऐकवलं. सुपरवायझरशी झालेलं भांडण आई रंगवून सांगत होती. "म्या म्हन्लं, सायेब, तुमच्या पोळीला तूप आन् आमाला नुसतं टोमणं व्हय?" समितीतले सगळे खळखळून हसले. आम्रपालीही हसली.

"फर्मास बोलतात हो! कोण या बाई?" अध्यक्षांनी विचारलं.

"तळवड्याच्या एका कॅन्टीनमधल्या कामगार आहेत," ती म्हणाली. कुठलीच बोली हलकी नसते, हे तिनं पाचच मिनिटांपूर्वी ठासून सांगितलं होतं.

जागा तिला मिळाली. अध्यक्षांचा फोन आला, तो तिनं आनंदानं स्पीकरवर टाकला. अभिनंदन करून ते म्हणाले, "रुजू झालात की त्या कॅन्टीनच्या बाईंना वर्गात घेऊन या. मुलांना ऐकू दे."

फोन ठेवल्यावर आईनं विचारलं, "कॅन्टीनची बाई म्हंजी मीच न्हवं? मग 'तुमच्या आईला आना' आसं का न्हाई म्हन्ला त्यो?"

आम्रपाली फोन चार्जिंगला लावायला वळली.

"इसरला आसंल बिचारा," आईच म्हणाली.

"हो, विसरले असतील," आम्रपाली म्हणाली.