तीन नंबरचं गाऱ्हाणं

माझ्या स्वतःच्या घरात मी तीन नंबरला आहे.

हे मी रागाने म्हणत नाही, तसं बटणावर लिहिलेलंच आहे! आमच्या जामसंड्याच्या घरात कॉम्प्युटर तीन. पण खाऱ्या हवेने एकेक मॉनिटर खाल्ला आणि एकच जिवंत राहिला. तेव्हा माझा मेव्हणा बाबल नांदगावहून एक काळी डबी घेऊन आला. तिला तिन्ही कॉम्प्युटर जोडायचे. मॉनिटर एक, कीबोर्ड एक. ज्याचं बटण दाबाल तो कॉम्प्युटर समोर हजर.

"एक नंबर ताईच्या ऑर्डरींचो, दोन नंबर ताईच्या लेबलांचो," बाबल म्हणाला.

"आणि माझो?"

"तीन आसा मां, भावोजी!"

वीस वर्षं या गावच्या लग्नपत्रिका मी टाईप करतोय. आणि माझी बायको मंगल, तिने मालवणी मसाला आणि कुळथाची पिठी विकायला काढून जेमतेम दोन वर्षं झाली! पूर्वी दारात आलेला माणूस विचारायचा, "सर आसत?" आता विचारतो, "वयनी आसत?" मी समोर उभा असताना विचारतो! परवा एकाने तर मलाच विचारलं, "वयनींकडे कामाक आसास काय?" खोटं कशाला बोलू, माझा नुसता जळफळाट व्हायचा.

जाताना बाबलने बजावलं, "भावोजी, डबी स्वस्तातली हा. पडदो पटकन बदलता, कीबोर्ड मागसून जाता. हिरवो दिवो लागल्याशिवाय टायप करू नकात."

"तू माका टायपिंग शिकवतंस?" मी म्हटलं.

त्याच आठवड्यात देवळाच्या पुस्तिकेत छापायला गाऱ्हाण्याचा मजकूर आला. (गाऱ्हाणं म्हणजे आमच्याकडे देवाला जाहीर घातलेलं साकडं. एकाने मागायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक ओळीला "व्हय म्हाराजा!" म्हणायचं.) मंगल एक नंबरवर गिऱ्हाइकांचा ग्रुप तसाच उघडा ठेवून स्वयंपाकघरात गेली होती. मी लगेच खुर्ची बळकावली, तीन नंबर दाबला, माझं पान समोर आलं आणि मी सुटलो. टाईपरायटरवर शिकलेला माणूस मी. नजर कागदावर, पडद्याकडे ढुंकून बघणार नाही!

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा!" एंटर.

आत मंगलचा फोन वाजला. टिंग!

"आज ह्या लेकरान जा काय मागणा मांडला हा, ता मान्य करून घे!" एंटर.

टिंग! टिंग! टिंग!

आल्या ऑर्डरी! माझ्या पोटात दुखायला लागलं. कागदावरचं गाऱ्हाणं संपलं, पण माझं कुठे संपलं होतं? मी पदरच्या ओळी घालायला लागलो. (नंतर पुसणार होतो, देवाशपथ!)

"ह्या लेकराचा नाव गावभर गाजांदे!" टिंग टिंग!

"गिऱ्हायकां दारार रांग लावंदेत!" टिंग टिंग टिंग!

फोनचा आवाज वाढला तशी माझी बोटंही तापली. "आणि जी कोण खुर्चेर चढान बसली हा, तिका वायच खाली उतरय रे म्हाराजा!"

यावर फोन असा वाजायला लागला की थांबेचना. मंगल एका हातात डाव आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन बाहेर आली.

"अवो, काय करतास तुमी?"

"काम करतंय. तुझ्यासारखो फोन वाजवीत नाय बसलंय!"

"मगे ह्या काय?"

तिने फोन माझ्या नाकासमोर धरला. माझ्या सगळ्या ओळी, एकेक करून, तिच्या नावाने गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर! आणि प्रत्येक ओळीखाली पुण्या-मुंबईच्या चाकरमान्यांचा गजर: व्हय म्हाराजा! व्हय म्हाराजा! एका बाईंनी काळजीने विचारलं होतं, "ताई, खुर्चीवर कोण बसलीय? सासूबाई का?"

मी पहिल्यांदाच मान वर केली. माझं पान कोरं करकरीत होतं आणि डबीवरचा दिवा लाल.

"दोन वर्षां एकेक गिऱ्हायक जोडलंय मी," मंगलचा आवाज चिरकला. "माझा इतक्या सलता तुमका?"

"व्हय, सलता!" माझ्या तोंडून निघून गेलं. "माका आता कोण वळखणत नाय गो!"

ती काहीतरी बोलणार, एवढ्यात पुन्हा टिंग. "ताई, काय फक्कड जाहिरात! मसाला दोन किलो पाठवा." मग दुसरी ऑर्डर. मग तिसरी. मंगलने डोळे पुसले आणि माझ्या हातात चिकटपट्टी दिली.

आठवड्याभरात दारात रांग लागली. "त्या गाऱ्हाण्यावाल्या वयनी हयच रवतत?" जो तो मला विचारायचा, आणि मी आत हाक मारायचो.

देवाला मी दोष देत नाही. नाव मागितलं, दिलं. रांग मागितली, दिली. गाऱ्हाणं ज्याच्या नावाने गेलं, त्याला तो पावला. खुर्चीवर चढून बसलेलीला खाली उतरव म्हटलं, तेही ऐकलं. फक्त 'बसली'चं 'बसलो' तेवढं त्याने स्वतः दुरुस्त करून घेतलं. हल्ली मी खाली सतरंजीवर बसून मसाल्याच्या पुड्या बांधतो.