पाळण्यातला वरवंटा

"रिकामा हाय त्यो. हात लावू नगा!"

आळंदच्या आमच्या संग्रहालयात तुम्ही कधी आला असाल, तर हा आवाज तुमच्या कानावर पडला असणार. जुन्या घरांतल्या वस्तूंचं हे छोटंसं संग्रहालय; मी तिथला कारकून आणि हा आवाज तिथल्या राखणदार बाईंचा. सगळे त्यांना अक्का म्हणायचे. 'वस्तूंना स्पर्श करू नये' ही पाटी मी स्वतः रंगवून भिंतीवर लावली होती. अक्का त्याच पाटीखाली उभ्या राहून शाळेच्या पोरांना चुलीची फुंकणी फुंकायला द्यायच्या, ताकाची रवी फिरवायला द्यायच्या. घोंगडी तर आलेल्या बायकांच्या खांद्यावरच टाकायच्या. धनगराच्या घरातल्या त्या. लोकर हाताला लागल्याशिवाय कळत नाही, असं त्यांचं म्हणणं.

"अक्का, पाटी वाचा की जरा," मी चिडून म्हणायचो.

"मला कुठं वाचाय येतंय, सर?" म्हणून त्या हसायच्या, आणि पुढच्या पोराच्या हातात रवी द्यायच्या.

फक्त पाळण्याकडे कुणाचा हात गेला की त्यांचा चेहरा उतरायचा. मादन हिप्परगा गावातल्या एका घराने दिलेला, साखळ्यांवर टांगलेला लाकडी पाळणा होता तो. रिकामा पाळणा हलवू नये, लेकराच्या जिवावर येतं, हे तुम्हीही आजीकडून ऐकलं असेल. आपण ऐकतो आणि सोडून देतो. अक्कांना सोडून देता येत नव्हतं. त्यांच्या मुलीची दोन बाळं पोटातच गेली होती आणि आता तिसऱ्या खेपेला तिला आठवा महिना लागला होता.

एक दिवस पाहतो तर पाळण्यात काहीतरी निजवलेलं. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला वरवंटा! बारशाला बाळाच्या आधी घालतात, तसा.

"अक्का, हा स्वयंपाकाच्या दालनातला ना? तिकडे पाटा एकटा पडलाय."

"पाट्याला कशाचं भ्या, सर? ऱ्हाऊ द्या. पोरगी बाळंत हुईस्तोर ऱ्हाऊ द्या."

मी राहू दिला. मोठे उपकार केल्यासारखं तोंड करून, पण राहू दिला.

मग गुलबर्ग्याहून तपासणीचे साहेब यायचं ठरलं. नोंदवहीप्रमाणे प्रत्येक वस्तू आपापल्या जागी हवी. साहेब आले तसं मी अक्कांना चहा आणायला पिटाळलं आणि वरवंटा उचलून पाट्यावर नेऊन ठेवला. साहेब गेले की परत ठेवू, एवढाच विचार. पाळण्यापाशी साहेब थांबले. "चालतो का हो अजून?" त्यांनी विचारलं. कौतुकाच्या भरात मी झोका दिला. चांगला मोठा दिला. कडी जराही कुरकुरली नाही. साहेब 'वा' म्हणून पुढच्या दालनात गेले आणि मीही त्यांच्या मागे गेलो.

अक्का चहाची किटली घेऊन पाळण्यावरून तिथे आल्या, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. जावई होता. मुलीला अवेळी कळा सुरू झाल्या होत्या, गुलबर्ग्याच्या दवाखान्यात नेत होते. अक्कांनी किटली खाली ठेवली.

"वरवंटा कामून काढलाव, सर?"

"तपासणी आहे ना, अक्का."

"कुनी हालवलं न्हाई न्हवं?"

"छे! कोण हलवणार?"

त्यांनी एकदा पाळण्याच्या दालनाकडे वळून पाहिलं आणि त्या गेल्या.

मी विज्ञानाचा पदवीधर. ग्रहणात खुशाल जेवा, असं पोरांना सांगत फिरणारा माणूस. त्या दिवशी साहेब काय बोलले, त्यातलं एक अक्षर मला आठवत नाही. मी भ्यालो होतो. लाज वाटावी इतका भ्यालो होतो. साहेबांची गाडी हलताच मी दार लावून घेतलं, वरवंटा पुन्हा गुंडाळून पाळण्यात निजवला आणि हात जोडले. कुणाला, ते आजही सांगता येणार नाही. अक्कांना तीनदा फोन लावला. त्यांनी तो उचलला नाही की आधी हायसं वाटे, आणि लगेच मी पुन्हा नंबर फिरवी.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने गुलबर्गा गाठलं. बाळ जगलं, हे आधीच सांगून टाकतो. तुमचाही जीव टांगणीला नको. आता ती पोर अंगणवाडीत जाते. अक्का मात्र कामावर परत आल्याच नाहीत, नातीपाशी राहिल्या. त्यांच्या जागी आलेला माणूस पाटीबरहुकूम वागतो, आणि पोरं आता संग्रहालयात लवकर कंटाळतात.

पण त्या सकाळी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. अक्का दवाखान्याच्या जिन्यावर बसल्या होत्या.

"नात झाली," त्या म्हणाल्या. "लई बारकी हाय. काचेच्या पेटीत ठिवलेत. डॉक्टर म्हन्ले, आजचा दिस निघाला पायजे."

"अक्का, पाळणा मीच हलवला होता."

"ठाव हाय. चहा घिऊन आले तवा अजून हालायलाच होता की."

"मग तेव्हाच का नाही बोललात? चार शिव्या तरी द्यायच्या!"

"तोंडातनं काढलं की खरं हुतंय, सर. म्हनून दातावर दात धरून बसले. पोरीला न्हाई, जावयाला न्हाई, कुनालाच बोलले न्हाई. तुमी कामून बोललाव?"

माझी भीती हलकी करायला मी आळंदहून इथवर आलो होतो आणि ती सगळी त्यांच्या पदरात टाकून मोकळा झालो होतो.

वरून नर्सने त्यांच्या मुलीचं नाव घेऊन हाक मारली. "पेशंटचं कोण आहे? लवकर वर या."

अक्का उठल्या नाहीत. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"तुमी जाऊन बघा, सर," त्या म्हणाल्या. "माझ्यानं व्हईना."

मी जिना चढायला लागलो.