भोंग्याची वीस मिनिटं

त्या सलूनवाल्याला सगळी गल्ली 'भोंगा' म्हणायची, आणि उगाच नाही म्हणायची. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं रे बसलं की आधी याचं तोंड चालू, मग कात्री. तीस वर्षं तो चर्चच्या गायनवृंदात मागच्या रांगेत, खालच्या पट्टीत गायचा. गायचा कसला, ओरडायचा! शेजारचे काय गातायत याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं.

यंदा गाणं बसवणाऱ्या बाईंनी स्वतः नवी रचना बांधली. बायबलमधल्या म्हाताऱ्या जखऱ्याची. या वयात तुला मूल होईल, असं देवदूत सांगतो. याला ते पटत नाही, आणि याची वाचाच जाते. ती परत येते थेट बाळाचं नाव ठेवताना. बाईंनी भोंग्याच्या हातातली गाण्याची वही काढून घेतली.

"काका, जखऱ्या तुम्ही. वीस मिनिटं गप्प उभं राहायचं. शेवटी सगळे थांबले की एकट्याने बाळाच्या नावाचा सूर लावायचा, 'योहान'. अख्ख्या गाण्याला वाद्य नाही. तुमच्या सुरावरच सगळे पुढचं उचलणार."

घरी येऊन त्याने चपला भिरकावल्या. "वही काढून घेतली गं! आवाज गेला माझा, म्हणून गोडीगोडीने बाहेर काढतायत. हा सूर चुकला की माझा पत्ता कट."

बायकोही त्याच वृंदात, पुढच्या रांगेत गायची. तिला हसू आवरेना. "तुम्ही आणि वीस मिनिटं गप्प? अहो, देवदूत सात आले तरी जमायचं नाही!"

झालं, भोंगा इरेला पेटला. त्याचं केस कापायचं जुनं मशीन नेमक्या 'योहान'च्याच सुरात गुणगुणायचं. तो मशीन चालू करून, तोंड घट्ट मिटून वीस मिनिटं काम करायचा आणि मग असा 'योहान' लावायचा की खुर्चीतला माणूस दचकायचा. एकाचा कल्ला अर्धाच उरला. पण हा गप्प म्हटल्यावर गिऱ्हाईकं बोलायला लागली. समोरच्या शिंप्याची मुलगी सहा महिन्यांपूर्वीच नोकरीसाठी परगावी गेली, हे त्याला तेव्हा कळलं. शिंपी रोज एकटा जेवतो, हेही.

कार्यक्रमाला चर्च खचाखच भरलं. भोंगा मध्यभागी उभा, ओठ मिटलेले. पंधराव्या मिनिटाला त्याने कान टवकारले. सगळ्यांचा सूर उतरला होता! वाद्याशिवाय गाताना गळे दमतात, सगळे मिळून थोडे थोडे खाली घसरतात, आणि गाणाऱ्यांना पत्ताही लागत नाही. आता मशीनचा सूर लावला तर सगळे तोंडघशी पडणार.

गाणं थांबलं. बाईंचा हात त्याच्याकडे वळला, चेहरा पांढराफटक. भोंग्याने मशीन डोक्यातून काढून टाकलं. बायकोचा शेवटचा सूर कानात अजून होता, तो धरला आणि तिथूनच उचलला, "योहान!" मागून पन्नास गळे एकदम उठले. काय सांगावं, खिडक्यांच्या काचा थरथरल्या!

गाणं संपताच बाई धावत आल्या. "काका, आम्ही अर्धा सूर उतरलो होतो! तुम्हाला कळलं कसं?"

"ऐकत होतो, बाई."

"तीस वर्षांत पहिल्यांदाच," बायको म्हणाली.

बाईंनी त्याची वही त्याच्या हातात ठेवली. "पुढच्या रविवारपासून पहिल्या रांगेत उभं राहा. सगळ्यांना सांभाळायला असा कान हवाय मला."

भोंग्याने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"अहो, बोला की आता! बाळाचं नाव ठेवून झालं," बायको म्हणाली. पण तो वही छातीशी धरून नुसता रडत होता.